चाक कोठें बसावें?

हौसेला मोल नाहीं असें म्हणतात. परंतु हौस जेव्हां चार चाकांवर बसून रस्त्यावर येते, तेव्हां तिचें मोल कोणाला ना कोणाला द्यावेंच लागतें. तें पैशांतच भागावें, हाडामांसांत द्यावें लागूं नये, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत पुष्कळ घरीं शेती, भातगिरणी किंवा दुकान यांच्या कामासाठीं एखादी पिकअप गाडी असते. घरांतील तरुण ती चालवितो, आणि केव्हां ना केव्हां त्याच्या मनांत येतें कीं, गाडी जरा खालीं बसवावी, तिला रुंद रिम आणि रुंद टायर घालावे. वडील मंडळी एका शब्दांत "नको" म्हणून मोकळी होतात. तरुण "सगळेच करतात" असें म्हणून रुसतो. नवें चाक गाडीखालीं नेमकें कोठें बसणार, हा मुद्द्याचा प्रश्न मात्र दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं. आमच्या मतें सगळा निवाडा याच प्रश्नांत आहे.

चांद्याकडील बंडी ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस हा विषय अगदींच परका वाटूं नये. सुतार तुंबा, आरे व पुठ्ठे जोडून वर लोखंडी धाव चढवितो. पण ती बंडी रानवाटेनें सुखानें चालेल कीं नाहीं, हें दोन चाकांमधील अंतर ठरवितें. वर्षानुवर्षें एकाच अंतराच्या बंड्या गेल्यानें वाटेवर दोन समांतर चर पडतात, तीच चाकोरी. चार बोटें बाहेर बसविलेल्या चाकांची बंडी त्या वाटेनें नेली, तर एक चाक चरांत उतरतें आणि दुसरें कडेवर चढतें. बैल थकतात, आंख कुरकुरतो. मोटारीचें चाक जागचें हलविलें म्हणजे आपणही नकळत चाकोरी सोडीत असतों. हें हलणें मोजण्याचीं दोन मापें आहेत: ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग.

शब्दांना भिण्याचें कारण नाहीं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा जाते अशी कल्पना करावी. रिमचा जो सपाट भाग हबवर टेकतो व ज्यांतून नट आवळले जातात, ती तिची बैठक. बैठक मध्यरेषेवरच असेल तर ऑफसेट शून्य. ती बाहेरील, म्हणजे रस्त्यावरच्या माणसास दिसणाऱ्या अंगास असेल तर ऑफसेट धन. आणि आंतल्या, गाडीच्या पोटाकडील अंगास असेल तर ऋण. धन ऑफसेटाचें चाक गाडीच्या आंत सरकून बसतें. ऋण ऑफसेटाचें चाक बाहेर डोकावतें. रिमवर "ईटी ३०" असें कोरलेलें असल्यास ऑफसेट धन ३० मिलिमीटर आहे असें समजावें.

बॅकस्पेसिंग हें त्याच गोष्टीचें दुसऱ्या बाजूनें घेतलेलें माप. टायर काढलेली रिम दर्शनी बाजू जमिनीकडे करून ठेवावी, वर आलेल्या कडेवर एक सरळ दांडी आडवी ठेवावी, आणि दांडीपासून बैठकीपर्यंतचें अंतर मोजावें. चाकाला आंतल्या अंगास किती जागा लागेल, हें त्यावरून सरळ कळतें. दोहोंचा संबंधही सोपा आहे: रिमच्या एकंदर रुंदीच्या निम्म्यांत ऑफसेट मिळविला कीं बॅकस्पेसिंग येतें, ऑफसेट ऋण असेल तर वजा करावयाचा. येथें एक खोच मात्र ध्यानांत ठेवावी. बाजारांत जिला सहा इंची रिम म्हणतात, ती टायर जेथें बसतो त्या दोन जागांमध्यें सहा इंच असते. दोन्ही कडा धरून ती सुमारें सात इंच भरते. हिशेब या सात इंचांवर करावयाचा.

आतां एक उदाहरण घेऊं. मूळची रिम सहा इंची, ऑफसेट धन ३०. सात इंचांचे निम्मे ८८.९ मिलिमीटर, त्यांत ३० मिळविले म्हणजे बॅकस्पेसिंग ११८.९. तरुणानें पसंत केली आठ इंची, शून्य ऑफसेटाची रिम. कडा धरून ती नऊ इंच. तिचे निम्मे ११४.३, आणि ऑफसेट शून्य म्हणून बॅकस्पेसिंगही तेवढेंच. आंतली कड मूळच्यापेक्षां ४.६ मिलिमीटर बाहेर आली; म्हणजे आंत कांहीं घासणार नाहीं, आणि विकणारा समाधानानें तेवढेंच सांगेल. पण बाहेरील कड कोठें गेली? निम्म्या रुंदीच्या वाढीमुळें २५.४ आणि ऑफसेट घटल्यामुळें ३०, मिळून ५५.४ मिलिमीटर, दोन इंचांहून अधिकच! शिवाय प्रत्येक चाकाची मध्यरेषा ३० मिलिमीटर बाहेर सरकल्यानें दोन चाकांमधील अंतर ६० मिलिमीटरांनीं वाढलें. चाकोरी सुटली ती येथें.

याचा परिणाम दिसण्यापुरता राहत नाहीं. पाण्यानें भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई सहज चालते. तीच घागर हात लांब करून धरावयास सांगितली, तर चार पावलांत खांदा भरून येतो. घागरीचें वजन तेंच असतें, अंगापासूनचें अंतर वाढलेलें असतें. चाकाच्या बेअरिंगाची स्थिति अशीच आहे. एका चाकावर ५०० किलो भार असेल आणि मध्यरेषा ३० मिलिमीटर बाहेर गेली, तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १५ किलोचें ओझें टांगल्याइतका ताण नव्यानें पडतो, आणि तो सतत पडतो. खड्ड्यांत चाक आदळलें कीं तो कितीतरी पटींनीं वाढतो. स्टेअरिंगाचीही तीच कथा. पुढील चाकें ज्या तिरप्या रेषेभोंवतीं वळतात, ती रेषा जमिनीस जेथें भिडते आणि टायर जेथें टेकतो, त्या दोन जागांमध्यें निर्मात्यानें ठरावीक अंतर राखलेलें असतें. चाक बाहेर सरकवितांच तें बदलतें. मग एकच चाक खड्ड्यांत गेलें किंवा एका बाजूचा ब्रेक अधिक लागला, तर स्टेअरिंग हाताला हिसका देतें.

गाडी खालीं बसविल्यावर चुकीला जागाच उरत नाहीं. टायर व मडगार्ड यांमधील जी पोकळी पाहून तरुणाला गाडी बेढब वाटते, ती पोकळी निरर्थक नाहीं. धानाचीं पोतीं भरलीं आणि चाक उसळलें, म्हणजे तें त्याच पोकळींत शिरावयाचें असतें. ती कमी केली आणि चाकही बाहेर काढलें, तर भरल्या गाडीचा पहिला मोठा खड्डा मडगार्डाची कड टायरवर चालवितो. म्हणून सपाट जागीं उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचीं मापें घेऊन भागत नाहीं. गाडींत नेहमींचें ओझें भरावें. पुढील चाकें दोन्ही बाजूंस टोंकापर्यंत वळवून पाहावीं. मागील एक चाक जाड फळीवर चढवून दुसरें खालीं राहूं द्यावें; सलग ॲक्सलच्या गाडींत असें केल्यास ॲक्सल तिरपा होतो व वर गेलेल्या टायरचा माथा आंतल्या अंगास कलतो. आंत स्प्रिंगचे पाटे, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकची नळी व पुढें टायरॉड, आणि बाहेर मडगार्डाची कड, या प्रत्येक ठिकाणीं निदान बोटभर जागा राहिली पाहिजे. मोजतांना टायरचा फुगवटा धरावा; तो रिमच्या कडेबाहेर येतो.

या साऱ्यावरून निवडीचा मार्ग स्पष्ट होतो. रुंदी हवीच असेल तर ती एका इंचानें वाढवावी आणि ऑफसेट मूळचाच ठेवावा. वरच्या उदाहरणांत सात इंची, धन ३० ऑफसेटाची रिम घेतली, तर बॅकस्पेसिंग १३१.६ होतें, दोन्ही अंगांस वाढ अवघी १२.७ मिलिमीटर, आणि मध्यरेषा जागची हलत नाहीं. घागर कमरेवरच राहते. तेवढीही जागा आंत नसेल, तर रुंदीचा मोह सोडावा; ऑफसेट कमी करून वाट काढूं नये. हबवर चकत्या घालून चाक बाहेर काढणें हाही ऑफसेट कमी करण्याचाच प्रकार, हें विसरूं नये.

आणखी तीन गोष्टी थोडक्यांत. भोकांचें वर्तुळ जमलें म्हणजे रिम जमली असें नाहीं: मारुती जिप्सीला पांच भोकें व टोयोटा हायलक्सला सहा, पण वर्तुळ दोहोंचें १३९.७ मिलिमीटरच. मधलें छिद्र हबवर नेमकें बसलें पाहिजे, व नटाचा उतार रिमच्या खांचेशीं जुळला पाहिजे. आणि रिमची व टायरची भारक्षमता गाडीच्या पूर्ण ओझ्यास पुरणारी हवी. मोटारीसाठीं केलेली रिम पिकअपला लावणें हें साहस होय.

आतां भूमीचा विचार. ही हौस अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत, गुळगुळीत रस्त्यांवर फोफावली. तेथेंसुद्धां गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षां खालीं येऊं नये असा कायदा कित्येक दशकें होता. तो २०२४ च्या आरंभीं उठला. आमच्याकडे घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या बाजूस कोळशाचे ट्रक, एटापल्लीकडे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. त्यांच्या भारानें रस्त्यांचें काय होतें तें सांगावयास नको. आलापल्लीपलीकडे जंगलांत शिरावें, तर पावसाळ्यांत नाल्यांवरचे रपटे पाण्याखालीं जातात. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संपर्क तुटल्याची वार्ता तर अनेक पावसाळ्यांत आलेली आहे. वाहून आलेला दगड गढूळ पाण्यांत दिसत नाहीं. तो गाडीच्या पोटालाच कळतो. शंकरपटाचा छकडा हलका व देखणा असतो, म्हणून त्यावर कोणी धानाचीं पोतीं लादीत नाहीं. खालीं बसविलेली गाडी ही त्या जातीची. ती ठेवावयाचीच असेल तर ओझ्याच्या व रानवाटेच्या कामांतून तिला मोकळी करावी.

कायद्याचेंही भान हवें. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत असलेल्या तपशिलांत मालकानें स्वतःच्या मर्जीनें बदल करावयाचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें पुन्हां ठामपणें सांगितलें. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सबब निर्मात्यानें त्याच गाडीसाठीं मान्य केलेल्या मापांबाहेर जाण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विचारण्यांत अर्थ नसतो.

वडील मंडळींस आमचें सांगणें इतकेंच कीं, नुसतें "नको" म्हणूं नये. तरुणाच्या हातीं फूटपट्टी व कोरा कागद द्यावा, आणि रिमची रुंदी, ऑफसेट, बॅकस्पेसिंग, भरल्या गाडींत आंत व बाहेर उरणारी जागा, हीं सर्व मापें त्यावर मांडावयास सांगावें. कागदावर जागा उरली तर हौसेला आडकाठी कशाला? आणि न उरली तर नकार घरच्या कोणाचा नसून मापाचा असेल. तो स्वीकारतांना तरुणाला कमीपणा वाटणार नाहीं, आणि त्याच गाडींत शेजारीं बसून आईबहिणी निर्धास्तपणें प्रवास करतील.