हळदीच्या बेण्याचे गणित

हळदीला सहसा बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण 63 गुणसूत्रे असतात. तीन संचांची दोन सारख्या वाट्यांत विभागणी होत नाही, त्यामुळे फूल आले तरी बी बहुधा तयार होत नाही. हळद लावायची ती जमिनीखालच्या कंदापासूनच. हे कंद म्हणजेच बेणे. त्यातून मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे पुढे येतात, आणि रोगही.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर, हदगाव, अर्धापूर या भागांत हळद हे भरवशाचे नगदी पीक आहे. इथल्या शेतकऱ्याला सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची पिशवी निळ्या टॅगसह मिळते. हळदीचे बेणे मात्र बहुतेक घरचेच असते, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून तोंडी खात्रीवर घेतलेले. त्यात सेलम किती, दुसऱ्या जातीची भेसळ किती, गेल्या पावसाळ्यात त्या रानात सड होती का, याची नोंद कुठेच नसते.

ही सड, म्हणजे कंदकुज, मुख्यतः पिथियम नावाच्या बुरशीसदृश जीवामुळे होते. भारी काळ्या जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी साचले की ती पसरते. पाने कडेने पिवळी पडून वाळतात, खोडाचा बुंधा मऊ होतो आणि झाड ओढताच हातात येते. कंदमाशीच्या अळ्या गड्ड्यात शिरल्या की सडीला आणखी वाट मिळते. काढणीच्या वेळी वरून धडधाकट दिसणाऱ्या गड्ड्यातही रोगाचा अंश राहू शकतो आणि तो बेण्याबरोबर नव्या रानात पोचतो. लागवडीआधी बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात बेणे 15 ते 20 मिनिटे बुडवणे आवश्यकच आहे. पण आत मुरलेला रोग त्या द्रावणाने पूर्ण जात नाही. म्हणून बेण्याची खरी निवड पावसाळ्यात, उभ्या पिकात व्हायला हवी: रानाचा निरोगी, पाणी न साचणारा तुकडा राखायचा, रोगट झाडे मातीसकट बाहेर काढायची आणि त्या तुकड्याची काढणी वेगळी करायची.

अडचण येते ती गुणाकारात. एकरी साधारण 10 क्विंटल बेणे लागते आणि चांगल्या रानात एकरी 100 क्विंटलच्या पुढे ओली हळद निघते. म्हणजे वाढ ढोबळमानाने दहापट. याउलट, ज्वारीच्या एका दाण्यापासून आलेल्या चांगल्या कणसात हजारावर दाणे भरतात. संशोधन केंद्राकडून नव्या जातीचे 1 क्विंटल बेणे आणले, तर पहिल्या हंगामाअखेर 10, दुसऱ्या अखेर 100 आणि तिसऱ्या अखेर 1000 क्विंटल होईल. एवढे बेणे 100 एकरांना पुरते. तेही त्यातला एक गड्डा सडला नाही आणि एकही शिजवला नाही, तरच. प्रत्यक्षात हळदीचा भाव चढला की बेण्यासाठी ठेवायचे जेठे गड्डेही कुकरमध्ये जातात. ज्या वर्षी सगळ्यांना लागवड वाढवायची असते, नेमके त्याच वर्षी बेणे कमी पडते आणि महाग होते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले स्वरूपा किंवा कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची साधारण 180 दिवसांत येणारी प्रगती, अशा जाती गावात पोचायला वर्षे लागतात, त्याचे मोठे कारण हेच.

साबुदाणा ज्यापासून होतो त्या कसाव्याचेही असेच आहे. तो खोडाच्या कांड्यांपासून लावतात, वाढ जेमतेम दहापट होते आणि कांड्यांबरोबर मोझॅक विषाणू शेतोशेती फिरतो. नायजेरियात तपासलेल्या कांड्या पिकवून विकणारे गावपातळीवरचे उत्पादक उभे करण्याचे काम झाले. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने दोन डोळ्यांचे छोटे तुकडे आधी रोपवाटिकेत लावण्याची पद्धत दिली.

हळदीसाठी त्याच धर्तीची पद्धत उपलब्ध आहे. प्रक्रिया केलेल्या कंदाचे एकेक डोळा असलेले पाच-सात ग्रॅमचे तुकडे करायचे आणि कोकोपीट व गांडूळखत भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये, ट्रायकोडर्मा मिसळून, शेडनेटखाली लावायचे. 30 ते 40 दिवसांत रोप तयार होते. अख्खा गड्डा लावण्याच्या तुलनेत बेणे निम्म्याहून कमी लागते, म्हणजे वरच्या हिशेबातला तीन वर्षांचा काळ कमी होऊ शकतो. कमकुवत डोळे ट्रेमध्येच दिसतात आणि काढून टाकता येतात. तुकडे करताना सुरी मात्र वारंवार निर्जंतुक करावी लागते, नाहीतर एका रोगट कंदाची लागण साऱ्या ट्रेला होते.

वसमतला बाळासाहेब ठाकरे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. 14 जानेवारी 2025 रोजी शेजारच्या निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले. मूळ शुद्ध बेणे अशा संस्थांकडून यावे. पण ते वाढवण्याचे काम तालुक्यातल्या शेतकरी गटांनी आणि महिला बचत गटांच्या रोपवाटिकांनीच करायला हवे, कारण जड आणि नाशवंत गड्डे दुरून आणणे परवडत नाही. हिमायतनगरसारख्या ठिकाणी या रोपवाटिकांचा आणखी एक उपयोग आहे. मे महिन्यात विहिरी-बोअरचे पाणी खाली गेलेले असते. एकराचे गादीवाफे भिजवण्याऐवजी तेवढीच रोपे शेडनेटखाली थोड्या पाण्यावर जगतात आणि जूनचा पाऊस जमिनीत मुरल्यावर रानात लावता येतात.