'गॅलॅक्टिका'चा नवा अवतार आणि चाहत्यांचा रोष

जुनी मालिका नव्या रूपात येते, तेव्हा सर्वाधिक अस्वस्थ होतात ते तिचे निष्ठावंत चाहतेच. अमेरिकेतील 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या विज्ञानकथा मालिकेबाबत नेमके हेच घडले. १९७८ मध्ये सुरू झालेली मूळ मालिका एकाच हंगामात आटोपली. मात्र सायलॉन यंत्रमानवांच्या संहारातून वाचून पृथ्वीच्या शोधात निघालेल्या मानवांची ती कथा चाहत्यांनी २५ वर्षे जपली.

डिसेंबर २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी ती नव्याने मांडली. डर्क बेनेडिक्ट यांनी रंगविलेला वैमानिक 'स्टारबक' आता स्त्री झाला. सायलॉन हुबेहूब माणसांसारखे दिसू लागले. रोषाचे मूळ मात्र याहून खोल होते. चाहत्यांना हवी होती कथा पुढे नेणारी मालिका; मिळाली ती पुनर्मांडणी. जुन्या पात्रांचे आयुष्य त्यामुळे जणू पुसलेच गेले.

कथा पुढे नेण्यासाठी झटणारे मूळ 'अपोलो' रिचर्ड हॅच हेही सुरुवातीस विरोधातच होते. पुढे त्यांनीच नव्या मालिकेत टॉम झारेकची भूमिका स्वीकारली. २००५ चा पीबॉडी पुरस्कारही या मालिकेला मिळाला. सर्वस्व गमावलेल्या माणसाने माणूसपण कसे टिकवावे, हा मूळ कथेतच दडलेला प्रश्न तिने अधिक धीटपणे विचारला होता.