विश्लेषण : नवी मधपेटी काही महिन्यांतच रिकामी का होते?

सातारा जिल्ह्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मधाचे उत्पन्न आणि पिकांचे परागीभवन असा दुहेरी लाभ असल्याने शेतकरी मधपेट्या घेतात. पण अनेकदा पेटी उरते, माश्या निघून जातात. असे का होते?

माश्या पेटी का सोडतात?

महाबळेश्वर परिसरात पेटीत प्रामुख्याने सातेरी माशी पाळली जाते. कडक ऊन, उपासमार किंवा किडीचा त्रास वाढला की अख्खी वसाहत स्थलांतर करते. त्यामुळे जागेची तयारी पेटी आणण्याआधीच करावी लागते.

जागा कशी असावी?

सातेरी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात मकरंद आणि पराग शोधते. तेवढ्या टापूत जांभूळ, हिरडा, शेवगा, सूर्यफूल अशी एकामागून एक फुलणारी झाडे-पिके हवीत. सकाळचे कोवळे ऊन, दुपारी सावली, वाऱ्याला आडोसा आणि जवळ स्वच्छ पाणी हवे. जागा पाणी साचणारी किंवा वर्दळीची नसावी. पेटीचे दार शक्यतो पूर्वेकडे असावे. पेटी फूट-दीड फूट उंच घोडीवर, पुढे किंचित उतरती ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही.

सर्वात मोठा शत्रू कोणता?

मेणपतंग. त्याची मादी फटींमध्ये आणि तळाच्या कचऱ्यात अंडी घालते. अळ्या पोळी पोखरत रेशमी जाळी विणतात. भरपूर माश्या असलेली वसाहत या अळ्यांना हुसकावून लावते. कमजोर वसाहत हरते. म्हणून फटी बुजवाव्यात, तळ वरचेवर साफ करावा आणि माश्यांनी न झाकलेली जुनी, काळी पोळी काढून घ्यावीत. काढलेली पोळी उघड्यावर टाकू नयेत, वितळवून मेण करावे.

इतर किडींचे काय?

घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. मात्र पाणी आटू देऊ नये आणि गवताची काडी पेटीला टेकू देऊ नये. तेवढा पूलही मुंग्यांना पुरतो. गांधीलमाश्या दिसू लागल्या की पेटीचे दार अरुंद करावे, त्यामुळे पहारेकरी माश्यांना राखण सोपी जाते. आसपासची गांधीलमाश्यांची घरटी जाणकाराकडून काढून घ्यावीत.

कीटकनाशक वापरावे का?

पेटीत कधीही नाही. ते किडीआधी माश्यांनाच मारते. शेजारच्या शेतात फवारणी होणार असेल तर ती पीक फुलोऱ्यात नसताना आणि संध्याकाळी करण्याची विनंती करावी.

नेमकी काळजी कधी घ्यावी?

घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलेही कमी असतात. या काळासाठी पेटीत पुरेसा मध राखावा, कमी पडल्यास साखरेचा पाक द्यावा. सगळा मध काढून घेतलेली पेटी आधी उपाशी राहते, मग कमजोर होते आणि शेवटी किडीच्या तावडीत सापडते. वसाहत टिकवायची तर तिच्या वाटचा मध तिच्याकडेच राहू द्यावा लागतो.