उलट्या पावलांची सादाको

र्‍युजी नावाचा एक माणूस टेबलाशी लिहीत बसलाय. खोलीतला टीव्ही आपोआप सुरू होतो. पडद्यावर खरखरीत, रंग उडालेलं चित्र उमटतं: रानातली एक दगडी विहीर. विहिरीच्या काठावर हात येतो, मग केसांचा पुंजका, मग पांढऱ्या झग्यातली एक बाई बाहेर पडते आणि समोर चालू लागते. त्या चालण्यात काहीतरी बिनसलेलं आहे. पाऊल पडतं, पण अंगाचा भार त्या पावलावर येत नाही. खांदा एकीकडे, मान दुसरीकडे. चालत चालत ती पडद्याच्या काचेपाशी येते आणि तिथे थांबत नाही. जमिनीवर हात टेकून, सरपटत, थेट खोलीत येते.

‘रिंगू’ या जपानी चित्रपटातलं हे दृश्य. चित्रपट ३१ जानेवारी १९९८ रोजी जपानमध्ये लागला. दिग्दर्शक हिदेओ नाकाता, पटकथा हिरोशी ताकाहाशी यांची. सगळा खर्च दहा-पंधरा लाख डॉलरच्या घरातला, चित्रीकरण जेमतेम पाच आठवड्यांचं. त्याच वेळी हॉलिवूड याच्या कितीतरी पट पैसा एकेका चित्रपटाच्या नुसत्या जाहिरातीवर उधळत होतं. तरीही हे दृश्य पाहिलेल्या पोरांनी रात्री टीव्हीवर चादर टाकली असेल, तर त्यांना हसण्यात अर्थ नाही.

ही बाई म्हणजे सादाको. तिच्या चालीचं रहस्य विलक्षण साधं आहे. रिए इनो या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीला नाकातांनी कॅमेऱ्यासमोर उलटं चालायला लावलं, म्हणजे मागे मागे जायला लावलं, तेही झटके देत, अंग वेडंवाकडं टाकत. मग ती फिल्म उलटी फिरवली. झालं! मागे जाणारी बाई पुढे येऊ लागली. पण माणूस पुढे चालतो तेव्हा टाच आधी टेकते, गुडघा अमुक वेळी वाकतो, केस आणि कापड मागे उडतं. इथे तो सगळा क्रम उलटा होतो. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण हे माणसाचं चालणं नव्हे एवढं अंगाला कळतं. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, हे आजीच्या मांडीवरच कळलेलं असतं. नाकातांनी पाय सुलटे ठेवले आणि चाल उलटी केली.

शेवटी केसांच्या फटीतून एक डोळा दिसतो. तो पडदाभर येतो, खालच्या दिशेने रोखलेला, आणि त्याला पापण्यांचे केसच नाहीत. हा डोळा इनोचा नव्हे. चित्रीकरणाच्या चमूतल्याच एका माणसाच्या पापण्यांचे केस काढून तो टिपला आहे. बाकी चेहरा कधीच दिसत नाही. अख्ख्या चित्रपटात नाही.

आपल्याकडे भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचं गणित याच्या नेमकं उलट होतं. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी हा राक्षस झालेला उंचापुरा अनिरुद्ध अग्रवाल चेहऱ्यासकट समोर उभा राहायचा, तो चेहरा हीच त्या चित्रपटाची जाहिरात होती. त्यातही मजा होती, नाही असं नाही. पण आज तो पाहताना पोरं खिदळतात आणि सादाको आली की गप्प होतात. लपवलेला चेहरा जुना होत नाही.

सादाको काही नाकातांनी शून्यातून घडवली नाही. जपानी माणसाला ती बघताक्षणी ओळखीची वाटली असणार. पांढरं वस्त्र, मोकळे लांब केस, सैल लोंबणारे हात हे भुताचं रूप तिथल्या चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी अठराव्या शतकापासून पक्कं करून ठेवलं आहे. मारुयामा ओक्यो या चित्रकाराच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध चित्रातली भुताटकी कमरेखाली विरत जाते, तिला पायच नाहीत. काबुकी रंगमंचावर तर १८२५ साली आलेल्या ‘योत्सुया काइदान’ या नाटकातली ओइवा अजून प्रेक्षकांना घाबरवते. नवऱ्याच्या कारस्थानात विषाने विद्रूप झालेली ही बाई केस विंचरायला बसते आणि केसांचे झुपके हातात येतात. पुढे ती पेटत्या कंदिलातून बाहेर येते. कंदील मोठा करायचा, मागून नट आत शिरवायचा आणि तो समोर लोकांच्या अंगावर आणायचा, अशी ही काबुकीतली जुनी करामत. सादाको काचेतून बाहेर येते तेव्हा ती ओइवाच्याच वाटेने येते. फक्त कंदिलाच्या जागी टीव्ही आला आहे. चित्रपटात एक शापित व्हिडिओ आहे, तो पाहणारा सात दिवसांनी मरतो. त्या व्हिडिओत आरशासमोर केस विंचरणारी बाई दिसते, तीही त्याच घराण्यातली.

विहीर मात्र ओकिकूची.

ओकिकू ही एका सरदाराच्या वाड्यावरची मोलकरीण. घरात दहा मौल्यवान बशा होत्या, त्यातली एक हरवली, आणि त्याची शिक्षा म्हणून तिला मारून विहिरीत टाकलं. काही आवृत्त्यांत बशी फुटलेली असते, काहींत मालकानेच लपवलेली असते, कारण तिने त्याला नकार दिलेला असतो. मग रोज रात्री विहिरीतून मोजदाद ऐकू येते. एक, दोन, तीन... नऊ. दहावी बशी नाही, म्हणून किंकाळी. १७४१ साली ओसाकात या कथेवर बाहुल्यांचं नाटक झालं आणि नंतर काबुकीने ती उचलली. होकुसाईने १८३० च्या दशकात रंगवलेली ओकिकू तर विसरता येत नाही: विहिरीतून वर येणारी तिची मान एकावर एक रचलेल्या बशांचीच बनलेली आहे. हिमेजीच्या किल्ल्यात ‘ओकिकूची विहीर’ म्हणून एक विहीर पर्यटकांना आजही दाखवतात.

विहीर आणि अपमृत्यू ही जोडी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. साती आसरांना नारळ फोडल्याशिवाय विहिरीत न उतरणारी गावं आपल्याकडेही आहेत.

कोजी सुझुकी यांची ‘रिंग’ ही कादंबरी १९९१ ची. त्यात शापित व्हिडिओ पाहणारे लोक सात दिवसांनी हृदय बंद पडून मरतात. टीव्हीतून कुणी बाहेर येत नाही. कादंबरीचा नायक पुरुष पत्रकार. नाकाता-ताकाहाशी जोडीने त्याची बाई केली, रेइको, एका लहान मुलाची आई, आणि शेवटी भुताला प्रत्यक्ष खोलीत आणलं. कादंबरीत मुळात नसलेली हीच गोष्ट जगाच्या लक्षात राहिली. सुझुकींच्या गोष्टीतला एक धागा मात्र खराखुरा आहे. १९१० च्या सुमारास तोक्यो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई मिफुने चिझुको या बाईच्या ‘दिव्यदृष्टी’चे प्रयोग करत होते. वृत्तपत्रांनी तिला खोटारडी ठरवलं आणि १९११ मध्ये तिने विष घेतलं. मनातली प्रतिमा फोटोच्या काचेवर उमटवता येते, असाही फुकुराईंचा दावा होता, आणि त्यांच्या प्रयोगांतल्या आणखी एका बाईचं नाव होतं ताकाहाशी सादाको. चित्रपटातल्या सादाकोची आई अशाच जाहीर प्रयोगात अपमानित होते, आणि व्हिडिओवरची चित्रं म्हणजे सादाकोच्या मनातून टेपवर उमटलेली चित्रं.

चित्रपटाची सुरुवात मात्र ना विद्यापीठात होते, ना वाड्यात. शाळेतल्या दोन मुली घरी एकट्या आहेत, गप्पा मारतायत. एकीला कुठूनशी बातमी कळलीय: एक व्हिडिओ आहे, तो पाहिला की फोन येतो आणि आठवड्याने माणूस मरतो. रेइकोही आधी भुताच्या मागे नसते. ती शाळकरी मुलींच्या मुलाखती घेत फिरते, कारण तिला या अफवेवर कार्यक्रम करायचा आहे. हा तपशील वरवरचा नाही. जपानमध्ये पोरांच्या अफवांची ताकद सगळ्यांना माहीत होती. १९७९ मध्ये कापलेल्या तोंडाच्या बाईची अफवा देशभर पसरली, तेव्हा मुलांना गटागटाने घरी सोडण्याची वेळ शाळांवर आली होती. शाळेच्या स्वच्छतागृहात राहणारी हानाको तर तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक. या गोष्टी म्हातारे सांगत नाहीत, मधल्या सुट्टीत पोरंच पोरांना सांगतात. नाकातांनी दोनशे वर्षांचं भूत त्या मधल्या सुट्टीत आणून सोडलं.

आणि सुटकेचा मार्गही पोरांच्याच तर्काचा. टेपची नक्कल करायची, दुसऱ्याला दाखवायची, आपण वाचलो. एकेकाळी आपल्याकडे देवाच्या नावाने पोस्टकार्डं यायची: इतक्या जणांना लिहून पाठवा, नाहीतर संकट येईल. ती हसण्यावारी नेणारी माणसंसुद्धा गुपचूप चार कार्डं टाकून यायची. ‘रिंगू’चा शेवट त्या मनोवृत्तीला बरोबर हात घालतो. टेप पाहिलेल्या आपल्या मुलाला वाचवायला निघालेली रेइको टेप घेऊन स्वतःच्या वडिलांकडे गाडी हाकते. हे दृश्य टीव्हीच्या दृश्यापेक्षा जास्त क्रूर आहे, आणि त्याला खर्च आला तो एका गाडीचा आणि एका रस्त्याचा.

पैसा कमी असला की तो कुठे घालायचा हे ठरवावं लागतं. या मंडळींनी तो रक्तावर घातला नाही. रक्त जवळजवळ नाहीच. मेलेल्या माणसाचा चेहरा भयाने गोठतो आणि चित्र निगेटिव्हसारखं पालटतं, बस्स. पडद्यावर अधूनमधून वार आणि तारीख येते. सात दिवसांतले किती उरले हे आपण आपसूक मोजू लागतो. शापित व्हिडिओ आधी चांगल्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपला आणि मग संगणकावर मुद्दाम खराब केला, त्यात दाणे घातले. विहीर उपसण्याच्या दृश्यात तर दोन माणसं, एक दोरी आणि बादल्याच आहेत. मात्र केंजी कावाई यांच्या संगीतावर आणि आवाजांवर मेहनत घेतलेली कळते. घासल्यासारखा, धातूच्या करकरीसारखा आवाज येतो आणि अंगावर काटा उभा राहतो.

‘रिंगू’च्याच वर्षी ताकाशी शिमिझू नावाच्या तरुणाने टीव्हीसाठी ‘कातासुमि’ हा काही मिनिटांचा लघुपट केला. शाळेतल्या दोन मुली सशांच्या खुराड्याशी आहेत, आणि कोपऱ्यातून एक बाई सरपटत येते. ही कायाको. ताकाको फुजी या अभिनेत्रीने पुढे ‘जु-ऑन’ मालिकेत तीच कायाको जिन्यावरून सरपटत खाली आणली, आणि तिच्या घशातला तो घरघर आवाज खुद्द शिमिझूंनी काढला. पहिला ‘जु-ऑन’ २००० मध्ये थेट व्हिडिओ कॅसेटवरच आला, थिएटरात नाही.

‘रिंगू’ थिएटरात एकटा लागला नव्हता. त्याच तिकिटात ‘रासेन’ हा त्याचा पुढचा भागही दाखवला जायचा. ‘रासेन’ पडला, लोक त्याला विसरले, आणि निर्मात्यांनी तो झालाच नाही असं धरून १९९९ मध्ये नाकातांकडून ‘रिंगू २’ करून घेतला. २००२ मध्ये गोर व्हर्बिन्स्की यांनी हॉलिवूडची आवृत्ती केली, ४ कोटी ८० लाख डॉलरची. रिक बेकरसारखा नावाजलेला रंगभूषाकार आला, भुताचा सडका चेहरा दिसला, घोडे उधळले, पाऊस पडला. चित्रपट चांगला चालला आणि चांगला आहेही. पण त्यातल्या भुताचा, समाराचा, चेहरा एकदा पाहिला की दुसऱ्यांदा तितकी भीती वाटत नाही, सादाकोची वाटते.

दोन्ही पाहणार असाल तर आधी जपानी पाहा, मूळ आवाजात आणि सबटायटल लावून. डब केलेल्या आवृत्तीत विहिरीची शांतता हरवते.