टिंटविसल ग्रामीण जिल्हा : उरलेल्या मुलखाचा कारभार

इंग्लंडमधील चेशर या कौंटीचा ईशान्येकडचा चिंचोळा पट्टा पेनाइन डोंगरांत शिरून यॉर्कशरच्या सीमेला भिडत असे. त्या पट्ट्याच्या टोकाला १८९४ ते १९७४ अशी ऐंशी वर्षे टिंटविसल ग्रामीण जिल्हा अस्तित्वात होता. येथे जिल्हा हा शब्द आपल्या अर्थाने घेऊन चालत नाही. ग्रामीण जिल्हा म्हणजे कौंटी आणि पॅरिश यांच्यामधली पायरी, आणि टिंटविसलच्या बाबतीत तर ती एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान होती.

या जिल्ह्याची सीमा भूगोलाने किंवा लोकेच्छेने नव्हे, तर गरिबांच्या मदतीच्या हिशेबाने ठरली. १८३४ च्या कायद्याने अनेक गावे एकत्र करून निराधारांच्या पोषणासाठी ‘युनियन’ नावाचे गट पाडण्यात आले, आणि १८७० नंतर त्याच गटांच्या ग्रामीण भागाकडे सांडपाणी व आरोग्य यांची जबाबदारी आली. ॲश्टन-अंडर-लाइन युनियन लँकेशर आणि चेशर अशा दोन कौंट्यांत पसरली होती. ग्रामीण जिल्हे निर्माण करणाऱ्या १८९४ च्या कायद्याचे धोरण मात्र नवा जिल्हा एकाच कौंटीत असावा असे होते, म्हणून लँकेशरकडील भागाचा लाइमहर्स्ट आणि चेशरकडील भागाचा टिंटविसल ग्रामीण जिल्हा झाला. मुंबई इलाख्यात तालुका लोकल बोर्डे त्याआधी दहा वर्षे, म्हणजे १८८४ च्या कायद्याने आली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. मात्र त्यांच्यात सरकारनियुक्त सभासदांचा भरणा असे.

टिंटविसल, हॅटर्सली आणि मॅटली हे या जिल्ह्याचे तीन पॅरिश. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतील मुलूख. उत्तर इंग्लंडमध्ये तो इतका विस्तीर्ण असे की त्यात अनेक गावे मोडत, आणि ही तिन्ही गावे मॉट्रम येथील जुन्या चर्चच्या पॅरिशमधलीच होती. एकोणिसाव्या शतकात करवसुलीच्या सोयीसाठी अशा गावांना स्वतंत्र मुलकी पॅरिशचा दर्जा मिळाला. तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला १८९४ पासून निवडलेले मंडळ मिळाले, आणि विवाहित स्त्रियांनाही तेथे मतदानाचा व निवडून येण्याचा अधिकार लाभला. कायद्याचा बारकावा पाहण्यासारखा आहे: पॅरिशची वार्षिक सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करायची नाही, म्हणजे मजुराला कामावरून सुटून येता यावे, आणि मंडळाची बैठक, दुसरी सोयीची जागा परवडत असेल तोवर, दारूच्या गुत्त्यात भरवायची नाही. पौंडामागे तीन पेन्सपेक्षा अधिक कर बसवायचा तर सभेची संमती लागे, आणि संमती मिळाली तरी सहा पेन्सपुढे जाता येत नसे.

एवढ्या तोकड्या अधिकारांच्या शेजारी लाँगडेंडेल खोऱ्यात बलाढ्य संस्थांची कामे उभी होती. त्या काळी चेशर आणि डार्बीशर यांची सीमा असलेल्या एथरो नदीवर अभियंता जॉन फ्रेडरिक बेटमन याने मँचेस्टर शहरासाठी १८४८ पासून सुमारे तीस वर्षांत वुडहेड, टॉरसाइड, ऱ्होड्सवुड, व्हेलहाउस आणि बॉटम्स ही जलाशयांची उतरंड बांधली. त्याच खोऱ्यातून डोंगराच्या पोटात शिरणारा, तीन मैलांहून थोडा अधिक लांबीचा वुडहेड रेल्वे बोगदा १८४५ मध्ये खुला झाला होता. जिल्हा मंडळ अस्तित्वात येण्यापूर्वीच खोऱ्याचे रूप पालटून गेले होते. मंडळाच्या वाट्याला गटारे, घरे आणि काही काळ रस्ते आले, आणि १९३० मध्ये रस्तेही कौंटीकडे गेले.

पुढे गिरणगावांच्या विस्ताराने जिल्हाच कुरतडला. १९३६ च्या फेररचनेत हॅटर्सली आणि मॅटली हे पॅरिश मोडून त्यांची जमीन हाइड आणि स्टेलीब्रिजसारख्या शेजारच्या शहरांत व नव्या लाँगडेंडेल नागरी जिल्ह्यात वाटण्यात आली. हॅटर्सलीच्या माळावर १९६० च्या दशकात मँचेस्टरमधून हलवलेल्या कुटुंबांची मोठी वसाहत वसली. टिंटविसल हा एकच पॅरिश उरला, आणि एका पॅरिशसाठी पॅरिशवर आणखी एक जिल्हा मंडळ अशी जवळजवळ निरर्थक रचना अडतीस वर्षे टिकली, ती उपयोगापेक्षा प्रशासनाच्या सवयीमुळे, असेच म्हणावे लागते. १ एप्रिल १९७४ रोजी देशभरचे ग्रामीण जिल्हे रद्द झाले, तेव्हा लाँगडेंडेल नागरी जिल्हा ग्रेटर मँचेस्टरमधील टेमसाइडमध्ये गेला आणि टिंटविसल कौंटी बदलून डार्बीशरच्या हाय पीक जिल्ह्यात सामील झाले. तेथील पॅरिश मंडळाचा कारभार मात्र त्यानंतरही चालू राहिला.