पेजिंग फाइल बंद करावी का?

‘आठ जीबी रॅम आहे ना, मग पेजिंग फाइल बंद करून टाका, मशीन पळेल.’ नाशिकमध्ये काय किंवा आणखी कुठे काय, संगणक हळू चालतो अशी तक्रार केली की हा सल्ला कुणीतरी देतोच. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद, मग मेमरीचं काम तिच्याकडे द्यायचंच कशाला, हा त्यामागचा तर्क. ऐकायला पटतो. पण रॅम पूर्ण भरल्याशिवाय या फाइलचा उपयोगच नाही, असं त्यात धरून चाललेलं असतं, आणि गाडी तिथेच घसरते.

विंडोज मेमरीचा हिशेब साधारणपणे ४ केबीच्या तुकड्यांत ठेवतं. या तुकड्यांना पेज म्हणतात. सकाळी उघडून तशीच ठेवलेली एक्सेलची फाइल दुपारपर्यंत कुणी पाहिली नाही, तर तिची पेजेस सी ड्राइव्हवरच्या ‘पेजफाइल डॉट सिस’ या लपवलेल्या पेजिंग फाइलमध्ये जाऊ शकतात आणि मोकळी झालेली रॅम चालू कामाला मिळते. कल्पना नवी नाही. मँचेस्टर विद्यापीठातल्या १९६२च्या अ‍ॅटलस संगणकात हीच अदलाबदल फिरत्या चुंबकीय ड्रमशी चालायची.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा ती लगेच वापरतोच असं नाही. विंडोज त्याला शब्द देतं, आणि दिलेल्या शब्दामागे जागा राखून ठेवतं. गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉनमधलं लग्न घ्या. पाचशे पानांची ऑर्डर घेतली की जेवायला साडेतीनशेच माणसं येतील असा अंदाज असला तरी आचाऱ्याला शिधा पाचशेचा जमवावा लागतो. मागच्या खोलीतली काही पोती फुटतही नाहीत, पण ती आहेत म्हणूनच ऑर्डर घेता येते. पेजिंग फाइल म्हणजे ती मागची पोती.

ती काढून टाकली तर काय होतं ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा. आठ जीबीच्या, फाइल बंद केलेल्या मशीनवर चित्र असं असू शकतं: ‘इन यूज’ ५.३ जीबी, ‘अव्हेलेबल’ अडीच जीबी, आणि खाली ‘कमिटेड’ ७.६/७.८. अडीच जीबी मोकळी आहे, पण शब्द देण्याची मर्यादा संपत आली आहे. आता क्रोममध्ये दोन टॅब उघडा. एखादा टॅब कोसळेल, किंवा मेमरी संपल्याचा इशारा येईल. हा स्लॅशपुढचा आकडा म्हणजे ढोबळमानाने रॅम अधिक पेजिंग फाइल. फाइल सुरू असती तर तो वाढला असता, आणि कदाचित डिस्कवर फारसं काही लिहावंही लागलं नसतं.

शिवाय फाइल बंद केल्याने डिस्कवरची ये-जा थांबत नाही. प्रोग्रॅमचा कोड मुळात डिस्कवर असतोच. रॅम कमी पडली की विंडोज तो सोडून देतं आणि लागेल तेव्हा परत वाचतं. ज्या डेटाला डिस्कवर दुसरी प्रत नाही, तो मात्र पेजिंग फाइल नसेल तर रॅममध्येच अडकून पडतो, महिनाभर कुणी हात लावला नाही तरी. म्हणजे निरुपयोगी पेजेस राहतात आणि कामाचा कोड बाहेर जातो.

एसएसडी झिजेल ही भीती घरगुती वापरात फारशी खरी नाही. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण १५० टीबी लिहिण्याची हमी असते. २००९ साली विंडोज ७ बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या चमूने नोंदवलं होतं, की या फाइलमधून होणारी वाचनं लिहिण्याच्या सुमारे ४० पट असतात, म्हणून एसएसडीवर ठेवण्याजोग्या फायलींत हिचा नंबर वरचा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर गोष्ट निराळी. तिथे एकेक पेज शोधायला काही मिलिसेकंद जातात आणि मशीन अक्षरशः घरघरत बसतं. पण तिथेही उपाय फाइल बंद करणं हा नाही. दोन ड्राइव्ह असतील तर ती एसएसडीवर ठेवावी.

आणखी एक गल्लत: वीज गेली तरी या फाइलमधून अर्धवट काम परत मिळेल, असं काहींना वाटतं; तसं होत नाही. काम जपून ठेवते ती हायबरनेटची वेगळी फाइल, तीही वीज जाण्याआधी मशीन हायबरनेट केलेलं असेल तरच.

सेटिंग तपासायचं तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मधून ‘परफॉर्मन्स’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘व्हर्च्युअल मेमरी’. सगळ्या ड्राइव्हसाठी आकार आपोआप ठरवण्याच्या चौकटीत टिक असू द्यावी. रॅमच्या दीडपट आकार ठेवण्याचा जुना नियम आता विसरलेला बरा. विंडोज गरजेनुसार आकार वाढवतं. सी ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवणं एवढंच आपल्या हाती. ‘इन यूज’चा आकडा रोजच्या कामात रॅमच्या टोकाला टेकत असेल आणि टॅब बदलताना मशीन अडखळत असेल, तर मात्र रॅमच वाढवावी, लॅपटॉप असेल तर त्यात जादा स्लॉट आहे की रॅम बोर्डावरच डाग दिलेली आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.