कोठाराचे कुलूप निवडताना

मळणी उरकून धान्य कोठारात आले म्हणजे वर्षभराचे श्रम चार भिंतींच्या आत येऊन बसतात. ओलावा, उंदीर व सोंडकिडे यांपासून त्या धान्याचे रक्षण कसे करावे, याविषयी अशा पत्रिकांतून वारंवार लिहिले जाते आणि गावपातळीवरील कार्यकर्तेही ती माहिती घरोघर पोहोचवितात. परंतु कोठाराच्या दारास लावावयाचे कुलूप कसे असावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सुगीच्या गर्दीत आठवड्याच्या बाजारातून येता येता जे हातास जड लागेल ते कुलूप घ्यावे व दारास अडकवावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. मीही शेतकी महाविद्यालयात चार वर्षे घालविली. तेथे साठवणुकीचे शास्त्र शिकलो, परंतु कुलपाविषयी एक अक्षर ऐकले नाही. ते पुढे एका शेतकऱ्याने मला शिकविले.

माझ्या कार्यक्षेत्रातील हे वयस्क गृहस्थ एके दिवशी सकाळी कार्यालयात आले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेली एक वस्तू माझ्या मेजावर ठेवली. ते त्यांच्या कोठाराचे कुलूप होते. कुलूप बंदच होते. त्यात कडी अडकलेली होती, कोयंडाही होता, आणि कोयंड्याच्या पट्टीस चार स्क्रू जसेच्या तसे लोंबत होते. भाव वाढेल या आशेने त्यांनी सोयाबीन विकले नव्हते. त्यांतील चौदा पोती रात्री गेली होती आणि सोसायटीच्या कर्जाची मुदत तर जवळ येत चालली होती. “साहेब, कुलूप तर चांगलं होतं ना?” एवढेच ते म्हणाले. मी ते हातात घेऊन पाहिले. कुलूप खरोखरच चांगले होते. चोराने त्यास बोटही लावले नव्हते. पहारेचे टोक कोयंड्याच्या पट्टीखाली घालून त्याने एक हिसका दिला होता आणि लाकडात बोटाच्या पेराएवढेच शिरलेले स्क्रू निघून आले होते.

“अण्णा, कुलूप चांगलं होतं, पण ते ज्याला लावलं होतं ते चांगलं नव्हतं,” असे मी त्यांस म्हणालो. परंतु ही गोष्ट चोरीच्या आधी सांगावयास हवी होती, ही रुखरुख मनातून गेली नाही. हा लेख त्या रुखरुखीपायी लिहीत आहे.

कुलपाच्या आधी दार

बाजारात जाण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या कोठाराच्या दारापुढे उभे राहून, आपणास किल्लीवाचून आत जावयाचे असेल तर आपण काय करू, असा विचार करावा. बहुतेक ठिकाणी उत्तर कुलपात सापडत नाही. कोयंडा स्क्रूने बसविलेला असतो. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूस असून त्यांच्या सळया वरच्या वर ठोकून काढता येतात. मातीच्या भिंतीत चौकट होल्डफास्टशिवाय नुसती उभी केलेली असते. किंवा छपराचा पत्रा दोन हुकांवर टेकलेला असतो. अशा कोठारास दोन हजार रुपयांचे कुलूप लावणे म्हणजे ते दोन हजार रुपयेही कोठारातच कोंडून ठेवण्यासारखे आहे.

म्हणून प्रथम कडी-कोयंडा पाहावा. तो निदान दोन सूत जाडीच्या पट्टीचा असावा आणि स्क्रूऐवजी दाराच्या आरपार जाणाऱ्या, गोल व गुळगुळीत डोक्याच्या बोल्टांनी बसवावा. चाकी व नट आतल्या बाजूस येतात, त्यामुळे बाहेरून पाना लागू शकत नाही. आत नुसती चाकी न घालता लोखंडी पट्टीचा एक तुकडा आडवा घेऊन त्यातून बोल्ट काढावेत व नट आवळल्यावर बोल्टाचे टोक हातोड्याने ठोकून चपटे करावे. असे केल्यास पहारेचा जोर चार छिद्रांवर न येता संपूर्ण फळीवर विभागला जातो. दार पत्र्याचे असल्यास कोयंडा नुसत्या पत्र्यावर कधीही बसवू नये; पत्रा कागदासारखा फाटतो. पाठीमागील अँगलच्या चौकटीस तो वेल्डिंग करून घ्यावा. कडी मिटल्यावर तिच्याखाली सर्व बोल्टांची डोकी झाकली जातात किंवा नाही, हेही पाहून घ्यावे.

गावातील लोहार किंवा वेल्डर हे सर्व काम एका दुपारात करून देतो. अण्णांनीही तेच केले, आणि चोराने न उघडलेले तेच कुलूप पुन्हा लावले.

कुलूप काय करू शकते

आता कुलपाकडे वळू. कोणतेही कुलूप चोरास कायमचे अडवू शकत नाही. बॅटरीवर चालणारे हातातील ग्राइंडर आता तालुक्याच्या गावी कोठेही मिळते आणि त्यापुढे बहुतेक कुलपे काही मिनिटांचीच धनी असतात. कुलपाचे काम चोराचा वेळ खाणे व त्यास आवाज करावयास भाग पाडणे, एवढेच आहे. वस्तीतील घराशेजारच्या कोठाराबाबत हे काम पुष्कळ मोलाचे आहे, कारण आवाज होताच कुत्री भुंकतात व माणसे जागी होतात. शेतातील विहिरीवरच्या पंपघराची गोष्ट वेगळी आहे. तेथे आवाज ऐकावयास कोणी नसते. म्हणून तेथे कुलूप जितके भक्कम घ्यावे तितके थोडे, आणि तरीही स्टार्टर व केबल हंगाम संपताच काढून घरी आणणे हाच खरा उपाय होय.

दुकानदार प्रथम लिव्हरची संख्या सांगतो. “सहा लिव्हर, सात लिव्हर, आठ लिव्हर,” असे म्हणत तो भाव चढवीत जातो. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटात एकावर एक ठेवलेल्या पातळ पट्ट्या. योग्य किल्ली प्रत्येक पट्टी नेमकी जेवढी हवी तेवढीच उचलते, तेव्हा आतील अडसर सरकतो. एखादी पट्टी कमी किंवा अधिक उचलली गेल्यास तो सरकत नाही. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ साली ही युक्ती काढली. पट्ट्या जितक्या अधिक, तितकी खोटी किल्ली चालविणे कठीण, हे खरे आहे. परंतु आकडा कापणाऱ्या चोरास पोटात सात पट्ट्या आहेत की तीन, याच्याशी काय कर्तव्य?

किल्लीवाचून कुलूप उघडण्याची विद्या जगात आहे, यात शंका नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चब यांचे प्रसिद्ध लिव्हर-कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखविले. ब्रामा यांच्या कुलपास मात्र त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. एवढी चिकाटी सोयाबीनच्या पोत्यांसाठी कोणी दाखवीत नाही. आपल्याकडील चोर पहार, हातोडा व बोल्ट कटर घेऊन येतो, आणि कुलपाची निवड त्या हत्यारांचा विचार करून करावयाची आहे.

आकडा व अंग

कोयंड्यात अडकणाऱ्या वाकविलेल्या दांड्यास येथे आपण आकडा म्हणू. कुलपाचे निम्मे मोल या आकड्यात असते. तो साध्या लोखंडाचा व आठ मिलिमीटरहून बारीक असेल, तर हातभर लांबीच्या बोल्ट कटरने एका दाबासरशी तुटतो. दहा ते बारा मिलिमीटर जाडीचा व पाणी दिलेल्या पोलादाचा आकडा हाताच्या कटरास सहसा दाद देत नाही. पाणी दिलेले पोलाद कसे ओळखावे, हे ज्याने लोहाराकडे विळा शेवटून घेतला आहे त्यास सांगावयास नको. कानस फिरविली असता ती पाणी दिलेल्या पोलादावरून घसरते, साध्या लोखंडास मात्र चावते. चकचकीत मुलामा पाहून फसू नये. मुलाम्याखाली काय आहे, ते कानसच सांगते. दुकानदार नव्या कुलपावर कानस लावू देणार नाही, हे उघडच आहे. परंतु घरी असलेल्या जुन्या कुलपांवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. वेष्टणावर ‘हार्डन्ड’ हा शब्द आहे काय, तेही वाचून घ्यावे.

आकड्याची उंची हा दुर्लक्षित भाग आहे. उंच आकडा अडकविण्यास सोपा, म्हणून लोक तो पसंत करतात. परंतु जेथे आपली बोटे सहज शिरतात तेथे पहारही शिरते. कोयंड्याच्या भोकातून आकडा जेमतेम जावा आणि कुलूप लागल्यावर मध्ये पोकळी उरू नये. याकरिता बाजारास जाताना भोकाचे माप काडीवर घेऊन जावे. ज्या कुलपाचे अंगच दोन्ही बाजूंनी वर येऊन आकड्यास झाकते, किंवा ज्याचा आकडा गोल चकतीसारख्या अंगात लपलेला असतो, ती कुलपे कटरपुढे अधिक टिकतात. मात्र ती प्रत्येक कोयंड्यात बसत नाहीत; म्हणूनही माप हवे.

दाबताच ‘खट्’ आवाज करून लागणारे कुलूप सोयीचे वाटते. त्यांतील हलक्या प्रतीच्या कुलपांत आकड्याची खाच स्प्रिंगवरील जिभेने धरलेली असते. पातळ पत्र्याची पट्टी फटीतून सरकविल्यास ती जीभ मागे हटते, आणि काही कुलपे तर नुसत्या हातोड्याच्या ठोक्यानेही उघडतात. किल्ली फिरविल्याशिवाय जे लागत नाही, ते कुलूप कोठारास अधिक चांगले. त्यामुळे किल्ली आत विसरून दार बंद होण्याची आपत्तीही टळते. आकड्याचे दोन्ही पाय आत अडकतात की एकच, हे दुकानात विचारावे. एकच पाय अडकत असल्यास तेवढा एकदा कापला की आकडा फिरवून मोकळा करता येतो.

दुकानातच करावयाची आणखी एक परीक्षा मी सर्वांस सांगत असतो. त्याच नमुन्याची चार-पाच कुलपे मागून घ्यावीत आणि एकाची किल्ली दुसऱ्यास लावून पाहावी. स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे प्रकार मोजकेच असतात. एखादी किल्ली शेजारच्या कुलपात फिरली, तर ती आपल्या शेजाऱ्याच्या खिशातही असू शकते. ती कुलपे तेथेच ठेवून निघावे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २७५ हे मानक अशा सुट्या कुलपांसाठीच आहे. त्या मानकाची खूण असलेले कुलूप मिळाल्यास ते पसंत करावे. आपल्या देशात कुलपांची वाण नाही. अलीगड हे शहर या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे आणि मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ सालीच कुलपांचा कारखाना काढला होता.

पाऊस, धूळ व गोठा

दारावर कुलूप बारा महिने उघड्यावर असते. कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप दोन पावसाळ्यांत गंजून धरते. तेथे पितळी अंगाचे व स्टेनलेस स्टीलच्या आकड्याचे कुलूप घ्यावे, जरी तो आकडा पाणी दिलेल्या पोलादाइतका कठीण नसला तरी. देशावर धुळीचा त्रास अधिक. तेथे अरुंद भोकाच्या पिनच्या कुलपापेक्षा लिव्हरचे कुलूप धूळ अधिक सोसते, असा माझा अनुभव आहे.

गोठ्यास लागून असलेल्या कोठाराविषयी मात्र एक सूचना. गोमूत्रातून व खतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेस बाधतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेने पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठविलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकत असत. त्याचे कारण हा अमोनिया, हे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. भरीव पितळी कुलपास तो धोका कमी आहे. परंतु पातळ पितळी पत्रा दाबून केलेले स्वस्त कुलूप गोठ्याच्या किंवा युरियाच्या खोलीच्या दारास लावू नये.

कुलपात गोडेतेल सोडण्याची चाल सर्वत्र दिसते. ते तेल काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते व पट्ट्या एकमेकींस चिकटतात. शिवणयंत्राचे पातळ तेल दोन थेंब, किंवा शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, यांपैकी एकच वापरावे; दोन्ही एकत्र घातल्यास चिखल होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कडीच्या वर खिळ्याने ठोकून कुलपावर सोडला, तर पावसाचे पाणी आत जात नाही.

किल्ल्या

कीटकनाशकांच्या कपाटास कुलूप हवेच. ते चोरासाठी नव्हे, तर घरातील मुलांसाठी. तेथे साधे कुलूपही चालेल, मात्र त्याची किल्ली धान्याच्या किल्लीबरोबर एकाच जुडग्यात नसावी, कारण धान्याचे कोठार दिवसातून दहा वेळा दहा हात उघडतात.

तालुक्याच्या गावी भाड्याने गाळा घेऊन माल ठेवणाऱ्यांनी मालकाचे कुलूप वापरू नये. त्याच्या किल्ल्या आधीच्या भाडेकऱ्यांपैकी कोणाकोणाकडे राहिल्या असतील, ते मालकासही सांगता येणार नाही. स्वतःचे नवे कुलूप लावावे, आणि गाळ्यास शटर असल्यास दोन्ही टोकांस लावावे. कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत, जी १९९०-९१ पासून चालू आहे, माल बाजार समितीच्या गोदामात राहतो व त्याची राखण समितीकडे असते. तेथे शेतकऱ्याने जपावयाची वस्तू कुलपाची किल्ली नसून गोदामाची पावती होय.

कुलपाबरोबर दोन किंवा तीन किल्ल्या येतात. त्यांपैकी एक वापरात ठेवावी. दुसरी घराबाहेर, परंतु विश्वासाच्या नात्यात ठेवावी. उंबऱ्याखाली, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात किंवा दाराच्या चौकटीवर नव्हे, कारण त्या जागा साऱ्या गावास पाठ असतात. किल्लीवर क्रमांक कोरलेला असल्यास तो वहीत लिहून घ्यावा व किल्लीवरून कानशीने घासून टाकावा. सालदार किंवा हमाल काम सोडून गेला आणि किल्ली कधी त्याच्या हाती राहिली असेल, तर कुलूप त्याच दिवशी बदलावे, मग माणूस कितीही भला असो. अण्णांची दुसरी किल्ली आता पलीकडच्या वाडीत त्यांच्या बहिणीकडे असते.